अरण्यातील वर्गमूळ

महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी पूर्वेकडे पाहिले म्हणजे वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या निळ्या रेषा दिसतात आणि त्यांच्या सभोवती हिरवा रंग दाट होत गेलेला आढळतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा हाच वनप्रदेश होय. पूर्वी हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन झाले आणि गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. आलापल्लीचा उंच, सरळसोट साग येथलाच. सागाच्या जोडीला ऐन, बिजा, धावडा, तेंदू आणि मोह हे वृक्ष आहेत. मधूनमधून बांबूची बेटे आहेत. उन्हाळ्यात पानगळ झाली की हे रान विरळ भासते. पण पहिल्या पावसाबरोबर ते असे भरून येते की दहा पावलांपलीकडचा माणूस दिसू नये.

अशा अरण्यात झाडे किती आहेत, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर कसे द्यावे? एकेक झाड मोजीत जावे तर वर्षे सरतील, आणि मोजून होईपर्यंत काही झाडे पडतील, काही नवी उगवतील. परंतु हे उत्तर तर हवेच असते. किती सागतोड करावी, किती बांबू काढावा, कोठे नवी रोपे लावावी, हे सारे त्या एका आकड्यावर अवलंबून असते. म्हणून वनखात्यातील माणसे घरोघरीच्या गृहिणींची युक्ती योजतात. भात शिजला की नाही, हे पाहण्यासाठी गृहिणी पातेल्यातील सगळी शिते चेपून पाहत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. त्याचप्रमाणे अरण्यातील ठरावीक ठिकाणी जमिनीचे लहान तुकडे आखावयाचे, त्या तुकड्यांतील प्रत्येक झाड मोजावयाचे, छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, त्याचा घेर टिपावयाचा आणि त्यावरून साऱ्या अरण्याचा अंदाज बांधावयाचा. अशा तुकड्याला नमुना-खंड म्हणतात.

हा नमुना-खंड किती मोठा असावा? १९८१ साली स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेने आपल्या मोजणीत अनेक वर्षे एकदशांश हेक्टरचा चौरस नमुना-खंड वापरला. एकदशांश हेक्टर हे शब्द उच्चारावयास सोपे आहेत. परंतु तेवढा चौरस प्रत्यक्ष जमिनीवर आखावयाचा झाला, म्हणजे गणिताशी गाठ पडते.

मोजणीच्या एका तुकडीत नुकताच दाखल झालेला एक तरुण वनरक्षक आहे, अशी कल्पना करावी. त्याच्याबरोबर पुष्कळ पावसाळे पाहिलेले एक वनपाल आहेत. वाट दाखविण्यासाठी जवळच्या गावातील एक गृहस्थ आले आहेत, आणि शाळेला सुटी असल्यामुळे त्यांची सातवीत शिकणारी मुलगीही बरोबर आली आहे. सामान थोडेच आहे : एक होकायंत्र, एक लांब फीत, चार खुंट्या, दोरी आणि वही. यंत्रगणकाची विद्युतघटिका वाटेतच संपली आहे आणि रानात दुकान नाही.

वनपालांनी विचारले, “काय हो, चौरसाची बाजू किती धरायची?”

तरुण म्हणाला, “सोपे आहे, साहेब. एक हेक्टर म्हणजे शंभर मीटर बाजूचा चौरस. आपल्याला त्याचा दहावा हिस्सा हवा. तेव्हा बाजू दहा मीटर.”

वनपाल हसले नाहीत. त्यांनी मुलीकडे वळून विचारले, “सांग बरे, दहा मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ किती?”

“शंभर चौरस मीटर, काका.”

“आणि हेक्टरचे?”

“दहा हजार.”

“मग हेक्टरचा दहावा हिस्सा किती?”

“एक हजार.” एवढे बोलून मुलगी थांबली, आणि तरुणाच्याही ध्यानात आपली चूक आली. बाजू दहापट लहान केली म्हणजे क्षेत्रफळ दहापट नव्हे, शंभरपट लहान होते. दहा मीटर बाजूचा चौरस आखून त्यालाच एकदशांश हेक्टर मानले असते, तर जेथे हेक्टरी तीनशे झाडे आहेत तेथे वहीत तीसच झाडे उतरली असती, आणि भरलेले अरण्य कागदावर उजाड ठरले असते.

तेव्हा प्रश्न असा ठरला : कोणत्या संख्येला त्याच संख्येने गुणले असता १,००० येतात? दुसऱ्या शब्दांत, १,००० चे वर्गमूळ किती?

मुलगी पाढ्यांत पक्की होती. ती म्हणाली, “एकतीसचा वर्ग नऊशे एकसष्ट. बत्तीसचा एक हजार चोवीस. उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.”

“मग बत्तीसच धरू या,” तरुण म्हणाला. “चोवीस चौरस मीटरने काय बिघडते?”

वनपालांनी त्याचे उत्तर लगेच दिले नाही. “ते संध्याकाळी पाहू,” असे म्हणून त्यांनी हातात एक काटकी घेतली आणि वाटेवरच्या धुळीत एक चौरस काढला.

“हा तीस मीटर बाजूचा चौरस समजा. याने नऊशे चौरस मीटर जागा घेतली. हजारातून नऊशे गेले, उरले शंभर. ही शंभर चौरस मीटर जागा आता या चौरसाला अशी चिकटवायची की आकृती पुन्हा चौरसच राहिली पाहिजे. कशी चिकटवाल?”

त्यांनी चौरसाच्या उजव्या बाजूला एक अरुंद पट्टी काढली, तशीच एक वरच्या बाजूला काढली, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये कोपऱ्यात राहिलेली लहानशी चौकट पुरी केली. दोन्ही पट्ट्या तीस मीटर लांबीच्या. म्हणजे त्यांची मिळून लांबी साठ मीटर. पट्टीची रुंदी एक मीटर घेतली तर पट्ट्यांना साठ चौरस मीटर लागतात आणि कोपऱ्याला एक, एकूण एकसष्ट. रुंदी दोन मीटर घ्यावी तर एकशे वीस आणि चार मिळून एकशे चोवीस होतात; तेवढी जागा शिल्लक नाही. म्हणून रुंदी एक मीटर. शंभरातून एकसष्ट गेले, एकोणचाळीस उरले. आणि चौरस एकतीस मीटरचा झाला.

आता पुन्हा तोच प्रकार. नव्या चौरसाच्या दोन बाजू मिळून बासष्ट मीटर. पट्टीची रुंदी ०.६ मीटर घेतली तर पट्ट्यांना ३७.२ आणि कोपऱ्याला ०.३६, असे ३७.५६ चौरस मीटर लागतात. उरले १.४४. चौरस ३१.६ मीटरचा झाला. तिसऱ्या खेपेस दोन बाजू मिळून ६३.२ मीटर आणि रुंदी ०.०२ मीटर. त्यांना १.२६४ आणि कोपऱ्याला ०.०००४, मिळून १.२६४४ चौरस मीटर लागतात. चौरस ३१.६२ मीटरचा झाला आणि बाकी उरली ०.१७५६ चौरस मीटर.

“एवढी जागा म्हणजे केवढी?” मुलीने विचारले.

“बेचाळीस सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद. तुझ्या आईच्या सुपाएवढी म्हण ना! हजार चौरस मीटरांत सुपाएवढी जागा कमी पडली, तर ती मोजणी मान्य करायला हरकत नाही.”

धुळीत काढलेली हीच आकृती अंकांत उतरविली म्हणजे शाळेत शिकवितात ती वर्गमूळ काढण्याची भागाकाराची रीत तयार होते. पुष्कळ विद्यार्थी ही रीत पाठ करतात. परंतु प्रत्येक पायरीला आलेले वर्गमूळ दुप्पट का करावयाचे, असे विचारले तर ते गोंधळतात. ती दुप्पट म्हणजे चौरसाच्या दोन बाजूंना लावावयाच्या दोन पट्ट्या होत, हे एकदा डोळ्यांपुढे आले म्हणजे रीत विसरण्याचे भय राहत नाही.

रीत अशी आहे. ज्या संख्येचे वर्गमूळ काढावयाचे, तिचे अंक दशांश चिन्हापासून दोन्ही बाजूंना दोन-दोन करून जोड्यांत मांडावे. जोड्याच का कराव्या? दहाचा वर्ग शंभर, शंभराचा वर्ग दहा हजार. वर्गमुळात एक शून्य वाढले की वर्गात दोन वाढतात. म्हणून वर्गमुळातील एका अंकामागे वर्गातील दोन अंक लागतात. १,००० च्या जोड्या अशा होतात :

१० | ०० . ०० | ००

पहिली जोडी १०. ज्याचा वर्ग दहापेक्षा अधिक होत नाही असा सर्वांत मोठा अंक ३. तो वर्गमुळाचा पहिला अंक.

१० − ९ = १

पुढील जोडी खाली घेतली म्हणजे १०० झाले. आलेल्या ३ ची दुप्पट ६. आता ६ च्या पुढे असा एक अंक लिहावयाचा, की तयार झालेल्या संख्येला त्याच अंकाने गुणले असता गुणाकार १०० च्या वर जाऊ नये. ६१ × १ = ६१ चालते; ६२ × २ = १२४ चालत नाही. दुसरा अंक १.

१०० − ६१ = ३९

पुढील जोडी घेतली, ३९०० झाले. वर्गमुळात दशांश चिन्ह दिले. ३१ ची दुप्पट ६२. ६२६ × ६ = ३७५६ चालते; ६२७ × ७ = ४३८९ चालत नाही. तिसरा अंक ६.

३९०० − ३७५६ = १४४

पुढील जोडी घेतली, १४४०० झाले. ३१६ ची दुप्पट ६३२. ६३२२ × २ = १२६४४ चालते; ६३२३ × ३ = १८९६९ चालत नाही. चौथा अंक २.

१४४०० − १२६४४ = १७५६

वर्गमूळ ३१.६२ आले. शेवटची बाकी १७५६. धुळीतल्या आकृतीत उरलेली ०.१७५६ चौरस मीटर जागा ती हीच. आणखी जोड्या घेतल्या तर आणखी अंक मिळतील; परंतु हा भागाकार कधीच पुरा होणार नाही, कारण १,००० ही पूर्ण वर्गसंख्या नाही. कोठे थांबावयाचे, हे ज्याचे त्याने कामाच्या गरजेनुसार ठरवावयाचे असते. दाट रानात फीत ताणून एका सेंटिमीटरपर्यंत मोजता आले तरी पुष्कळ झाले. म्हणून तेथे दोन दशांश स्थळे पुरतात.

उत्तर पडताळून पाहण्याची आणखी एक रीत आहे. ती फार प्राचीन असून बाबिलोनी लोकांना ती ठाऊक असावी, असे मानले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हेरॉन याने तिचे वर्णन केले आहे. १,००० चे वर्गमूळ ३२ आहे, असा अंदाज करावा. १,००० ला ३२ ने भागले असता ३१.२५ येतात. अंदाज मोठा असेल तर भागाकार लहान येतो, आणि खरे वर्गमूळ त्या दोहोंच्या मध्ये असते. म्हणून ३२ व ३१.२५ यांची सरासरी घ्यावी, ती ३१.६२५ येते. दुसऱ्यांदा हीच कृती केली म्हणजे ३१.६२२७७ येतात. दोनच पायऱ्यांत पाच दशांश स्थळे बरोबर! पहिली रीत अंकामागून अंक निश्चित करीत सावकाश चालते. दुसरी अंदाज सुधारीत झपाट्याने जाते. पहिलीत लहान गुणाकार पुरतात, दुसरीत मोठे भागाकार करावे लागतात. ज्याला दोन्ही येतात, त्याला एकीने काढलेले उत्तर दुसरीने तपासता येते.

इकडे रानात पुढचा प्रश्न उभा राहिला. चौरसाची बाजू कळली. परंतु झाडांच्या गर्दीत चारही कोन काटकोन करून बाजू आखीत जाणे कठीण असते. म्हणून भारतीय वन सर्वेक्षणाच्या रीतीत नमुना-खंडाचा मध्यबिंदू निश्चित करून, त्या बिंदूवरून होकायंत्राने ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य आणि वायव्य या चार दिशा धरीत व प्रत्येक दिशेने सारख्याच अंतरावर खुंटी ठोकीत. चार खुंट्या जोडल्या की चौरस आपोआप तयार होतो. हे अंतर म्हणजे चौरसाच्या कर्णाचा अर्धा भाग.

ते किती असेल? दोन्ही कर्ण काढले म्हणजे चौरसाचे चार सारखे काटकोन त्रिकोण होतात. त्यांपैकी दोन त्रिकोण तिरक्या बाजूवर एकमेकांस जोडले, तर एक लहान चौरस होतो, आणि त्याची बाजू अर्ध्या कर्णाएवढी असते. चार त्रिकोणांचे असे दोन चौरस होतात. दोहोंचे मिळून क्षेत्रफळ १,०००. म्हणून एकाचे ५००. तेव्हा अर्धा कर्ण म्हणजे ५०० चे वर्गमूळ. मुलीने वही पुढे ओढली आणि मघाच्याच रीतीने मांडणी केली :

५ − ४ = १
१०० − (४२ × २) = १६
१६०० − (४४३ × ३) = २७१
२७१०० − (४४६६ × ६) = ३०४

उत्तर २२.३६ मीटर आले. वनरक्षकाने होकायंत्र धरले, गृहस्थांनी कोयत्याने वाटेतील झुडपे दूर केली आणि चार दिशांना चार खुंट्या रोवल्या गेल्या. मग लगतच्या दोन खुंट्यांमधील अंतर मोजून पाहिले. फीत ३१.६२ मीटरवर आली.

दुपारी दुसरा नमुना-खंड उतारावर आला. गडचिरोलीकडील हा मुलूख सर्वत्र सपाट नाही. भामरागड आणि सुरजागड येथील डोंगर तर प्रसिद्धच आहेत. उतारावर फीत जमिनीलगत ताणली तर ती तिरकी जाते आणि नकाशावरील आडवे अंतर कमी भरते. नकाशावर क्षेत्रफळ नेहमी आडव्या अंतरांवरून मोजतात. म्हणून २२.३६ मीटर आडव्या अंतरात जमीन ५ मीटर चढत असेल, तर तिरकी फीत किती सोडावी लागेल? येथे काटकोन त्रिकोणाचा नियम उपयोगी पडतो. आडव्या बाजूचा वर्ग ५००, उभ्या बाजूचा वर्ग २५, बेरीज ५२५. तिचे वर्गमूळ २२.९१. म्हणजे फीत सुमारे ५५ सेंटिमीटर अधिक सोडावी लागते. उतार डोळ्यांना क्षुल्लक वाटला तरी हिशेबात तो आपला वाटा मागतोच.

वर्गमुळाची ही विद्या भारतात फार जुनी आहे. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात २ च्या वर्गमुळाची किंमत दिली आहे. एकात एकतृतीयांश मिळवावा, त्या तृतीयांशाचा चौथा हिस्सा मिळवावा आणि त्या चौथ्या हिश्शाचा चौतिसावा हिस्सा वजा करावा, अशी ती रीत आहे. हिशेब केला म्हणजे १.४१४२१५ ही किंमत येते. खरी किंमत १.४१४२१३ आहे. दोरी आणि खुंट्या घेऊन काम करणाऱ्या माणसांनी हे साधले होते. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने आपल्या आर्यभटीय या ग्रंथात वर्गमूळ काढण्याची अंकामागून अंक मिळविण्याची रीत सांगितली. भास्कराचार्यांचा लीलावती हा ग्रंथ ११५० सालचा. त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता. त्याची साक्ष देणारा १२०७ सालचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटणे येथे आढळला.

ज्या संख्येचे वर्गमूळ पुरते निघत नाही, तिच्यासाठी लीलावतीत एक सुंदर उपाय सांगितला आहे. त्या संख्येला एका मोठ्या वर्गसंख्येने गुणावे, आलेल्या संख्येचे जवळचे वर्गमूळ काढावे आणि त्याला त्या वर्गसंख्येच्या वर्गमुळाने भागावे. १,००० ला १०,००० ने गुणले म्हणजे एक कोटी होतात. एक कोटीचे जवळचे वर्गमूळ ३,१६२. त्याला १०० ने भागले की ३१.६२. आजच्यासारखी दशांश चिन्हाची पद्धत त्या काळी रूढ नव्हती. तरीही पूर्णांकांवरच काम करून हवी तेवढी सूक्ष्मता साधण्याचा मार्ग त्यांनी काढला होता.

तोडलेल्या लाकडाच्या मापातही वर्ग आणि वर्गमूळ येतात. या भागातील सागाचे ओंडके बल्लारपूर येथील प्रसिद्ध लाकूड आगारात येतात. गोल ओंडक्याचे घनफळ काढण्याची एक जुनी, रुळलेली रीत अशी : ओंडक्याच्या मध्यावरील घेराचा चौथा हिस्सा घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्याला लांबीने गुणावे. घेर १.२० मीटर व लांबी ३ मीटर असेल, तर चौथा हिस्सा ०.३०, त्याचा वर्ग ०.०९ आणि घनफळ ०.२७ घनमीटर. या रीतीने येणारे माप खऱ्या गोल घनफळाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच असते. साल आणि करवतकामात वाया जाणारे लाकूड यांची सूट त्यात आधीच धरल्यासारखी होते. आता उलट प्रश्न विचारावा. चार मीटर लांबीच्या ओंडक्याचे या रीतीने घनफळ अर्धा घनमीटर भरावे, तर त्याचा घेर किती हवा? अर्ध्याला चारने भागले म्हणजे ०.१२५, त्याचे वर्गमूळ ०.३५३५, त्याची चौपट १.४१४ मीटर. बौधायनाच्या वेदीत सापडणारे २ चे वर्गमूळ सागाच्या घेरातही भेटते!

संध्याकाळ झाली. तुकडी गावाच्या वाटेला लागली, तेव्हा तरुणाने सकाळच्या प्रश्नाची आठवण दिली. “साहेब, बत्तीस मीटर धरले असते तर काय बिघडले असते?”

वनपाल म्हणाले, “धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गाव ऐकून आहात ना?”

ते गाव कोणाला ठाऊक नाही? गडचिरोली जिल्ह्यातील या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही त्याच्या ग्रामसभेच्या हाती आला. अशा गावात रानातून काय घ्यावे आणि काय राखावे, याचा निर्णय गावकरी एकत्र बसून करतात.

“तेवढेच रान डोळ्यांपुढे आणा,” वनपाल म्हणाले. “अठराशे हेक्टर. समजा, हेक्टरी तीनशे झाडे आहेत. एकूण किती झाली?”

“पाच लाख चाळीस हजार,” मुलगी चालता चालता म्हणाली.

“बत्तीस मीटर बाजू धरली तर प्रत्येक नमुना-खंडात हजाराच्या जागी एक हजार चोवीस चौरस मीटर जागा येते. शेकडा २.४ जागा जास्त, म्हणून झाडेही शेकडा २.४ जास्त. पाच लाख चाळीस हजारांवर ती किती होतात?”

तरुणाने वही उघडून गुणाकार केला. “बारा हजार नऊशे साठ.”

“म्हणजे जवळजवळ तेरा हजार झाडे अशी, की जी कागदावर उभी आहेत पण रानात नाहीत. उद्या त्या कागदाच्या भरवशावर कोणी तोडीचा हिशेब केला, तर नसलेली झाडे कशी तोडणार? असलेलीच तोडणार. आणि चूक एका खंडात झाली असती तर दुसऱ्या खंडाने ती थोडी झाकली असती. परंतु बाजूच चुकीची धरली म्हणजे प्रत्येक खंडात चूक एकाच अंगाला होते. ती वाढतच जाते.”

तरुण काही बोलला नाही. त्याने वहीच्या पहिल्या पानावर ३१.६२ आणि २२.३६ हे दोन आकडे लिहिले. त्यांच्याखाली मुलीने ते कसे काढले, त्याची मांडणीही उतरवून घेतली. कारण आकडा विसरला तरी मांडणी आठवत असली की तो पुन्हा काढता येतो.

आज यंत्रगणक, भ्रमणध्वनी आणि उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारी उपकरणे वनकर्मचाऱ्यांच्या हाती आली आहेत. वनमोजणीच्या रीतीही काळाबरोबर बदलत जातात. ही साधने क्षणार्धात दहा-दहा दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतात. मात्र कोणत्या संख्येचे वर्गमूळ हवे, हे ती सांगत नाहीत. आणि विचारणाऱ्याने चुकीची संख्या दिली तर तिचेही उत्तर तितक्याच तत्परतेने देतात. बाजू दहा मीटर नव्हे, हे ओळखण्याचे काम माणसालाच करावे लागते. ज्याने एकदा धुळीत चौरस काढून त्याला पट्ट्या चिकटविल्या आहेत, त्याला उत्तर साधारण कोठे असावयास हवे, याचा अदमास असतो. आणि यंत्राने भलताच आकडा दाखविला तर तो थबकतो.

दुसऱ्या दिवशी पावसाची सर आली आणि वाटेवरची आकृती पुसून गेली. चार खुंट्यांच्या आत उभ्या असलेल्या सागांची संख्या मात्र वहीत बरोबर नोंदली गेली होती.

स्वाध्याय

१. अरण्यातील सर्व झाडे न मोजता त्यांचा अंदाज कसा बांधतात? ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण येथे कशी लागू पडते, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. तरुण वनरक्षकाने चौरसाची बाजू दहा मीटर का सांगितली? त्याच्या विचारात कोणती चूक होती?

३. वर्गमुळाच्या रीतीत आलेल्या अंकाची दुप्पट का करतात? आकृती काढून स्पष्ट करा.

४. दोन दशांश स्थळांपर्यंत वर्गमुळे काढा : (अ) २ (आ) १० (इ) २००. एका उत्तराचा पडताळा सरासरीच्या रीतीने घ्या.

५. उतारावर २२.३६ मीटर फीत तिरकीच मोजली आणि तेवढ्या अंतरात जमीन ५ मीटर चढली, तर आडवे अंतर किती भरेल?

६. शाळेच्या मैदानावर दोरी व खुंट्या घेऊन ५० चौरस मीटरचा चौरस मध्यबिंदूपासून आखा. मध्यापासून खुंटीपर्यंतचे अंतर पूर्णांकांत येते. ते का, याचा विचार करा.

७. ‘कागदावर उभी आहेत पण रानात नाहीत’ या शब्दांतून वनपालांना काय सुचवावयाचे आहे? आठ-दहा ओळी लिहा.